टेन्स की मणक्यात बसवायचा स्टिम्युलेटर?

तासगावचा माझा मावसभाऊ विहिरीत पडून मज्जारज्जूला इजा झाली, त्याला चार वर्षं झाली. पाय थोडेफार चालतात, पण कमरेखाली रात्रंदिवस आग आणि मुंग्या. गोळ्यांनी भागेना, तेव्हा मिरजेत त्याला विजेच्या उपचाराचे दोन रस्ते सांगितले: टेन्स, म्हणजे कातडीवरून हलकी वीज देणारं छोटं यंत्र, नाहीतर स्टिम्युलेटर, म्हणजे ऑपरेशन करून मणक्यात बसवायचं, मज्जारज्जूला हलकी वीज देणारं यंत्र. फोनवर म्हणाला, ‘दादा, कुठला धरू?’

खर्चात तुलनाच नाही. टेन्सचं यंत्र दोन-तीन हजारांत घरी येतं. स्टिम्युलेटर म्हणजे ऑपरेशन धरून काही लाख; द्राक्षाचा एक हंगाम गेला समजा.

टेन्सच्या पट्ट्या कातडीवर चिकटवायच्या, अर्धा-पाऊण तास. आराम बहुधा यंत्र चालू असेपर्यंत, फार तर थोडा वेळ नंतर. जिथं स्पर्शच कळत नाही तिथं पट्टी लावू नये, कातडी भाजली तरी समजायचं नाही. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

स्टिम्युलेटरची तार मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बसते, बॅटरी कातडीखाली. 1967 पासून ही पद्धत आहे, तरी मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या वेदनेसाठी पुरावा तोकडाच. संवेदना शिल्लक असेल तर आशा जास्त. तार सरकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. एक गोष्ट मात्र मला पटली: आधी काही दिवस तात्पुरती तार घालून बघतात, वेदना साधारण निम्म्यावर आली तरच पुढं जातात.

दुखणं अंगाच्या एकाच भागात, कातडीला जाण आहे, खिसा हलका, त्यानं टेन्स. बाकी सगळं करून थकलेल्या, चाचणीत फरक पडलेल्या आणि मिरजेच्या फेऱ्या झेपणाऱ्यानं स्टिम्युलेटर. भावाला सध्या महिनाभर टेन्सच वापर म्हटलंय, गोळ्या न थांबवता.