घटस्फोट: संमतीने की दावा लढवून?

हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या दोन वाटा आहेत. कलम १३-ब म्हणजे परस्पर संमती आणि कलम १३ म्हणजे एकाने दुसऱ्याविरुद्ध लढवायचा दावा. दुसरीला लोक सर्रास ‘एकतर्फी’ म्हणतात. पण कोर्टात एकतर्फी म्हणजे समन्स मिळूनही समोरचा हजर न राहिल्याने झालेला निकाल, आणि तो पुढे रद्दही होऊ शकतो. तिसरी वाट, म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी, ही वाटच नाही. समाजात काडीमोडीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता आली तरच तिला अर्थ. तसे नसताना तिच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर द्विविवाहाचा गुन्हा ओढवतो.

वेळेचा हिशेब आधी पाहू. संमतीच्या अर्जासाठी किमान १ वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. छप्पर एकच असले तरी पती-पत्नी म्हणून संसार बंद असेल तर ते वेगळे राहणे धरले जाते. अर्जानंतर ६ महिन्यांनी, पण १८ महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टासमोर संमती सांगायची. वेगळे राहून आधीच दीड वर्ष उलटले असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी व मुलांचा ताबा ठरला असेल, तर ही ६ महिन्यांची अट माफ करायला कोर्टाला मुभा आहे; सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसे स्पष्ट केले. लढवायच्या दाव्यात मात्र समन्स, समुपदेशक, कैफियत (समोरच्याचे लेखी उत्तर), पुराव्याचे प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी असा क्रम असतो. समन्सवरचा पत्ता जुना निघाला तरी महिने जातात. काही वर्षे धरूनच चालावे.

शिवाय तिथे कारण सिद्ध करावे लागते: क्रूरता, व्यभिचार, सलग २ वर्षे सोडून जाणे वगैरे. ‘स्वभाव जुळत नाहीत’ हे कारण कायद्यात नाही. लग्न पार मोडले आहे एवढ्यावर घटस्फोट देण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला, तोही राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली.

एवढे वाचून संमतीच सोपी वाटेल. ती सोपी आहेच, पण अटी कच्च्या ठेवल्या नाहीत तर. हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते, म्हणून पैशांची मांडणी महत्त्वाची. एकरकमी पोटगीचा काही भाग पहिल्या अर्जावेळी आणि उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, हे दोघांच्याही सोयीचे. ‘नंतर देतो’ लिहून घेतलेत तर वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो. फ्लॅट आणि त्यावरचे कर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या अटी बँकेला बांधत नाहीत. कर्जातून एकाचे नाव निघेपर्यंत हप्ता चुकल्याचा फटका दोघांनाही बसतो. ४९८-अ (विवाहितेच्या छळाचे कलम; नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५) ची तक्रार असेल तर तीही हुकूमनाम्याने आपोआप संपत नाही. ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावे लागते आणि त्यासाठी सहकार्य करण्याचे कलम अटींत हवेच. पत्नीने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा खर्च मागण्याचा हक्क तिच्या सहीने बुडत नाही. स्त्रीधनाची यादी वस्तुनिहाय लिहा. ‘सर्व मिळाले’ या दोन शब्दांवरून पुढे बरीच भांडणे होतात.

मग लढावे कधी? समोरचा मिळकत लपवत असेल, मुलांची भेट अडवत असेल किंवा दमदाटीने सही मागत असेल, तर. दाव्यात कलम २४ खाली अंतरिम पोटगी व खटल्याचा खर्च मागता येतो, आणि तो पतीलाही मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांना मालमत्ता-दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पगाराच्या स्लिपा आणि बँक खात्यांचे उतारे तिथे कामी येतात. महाराष्ट्रात महिलांना या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. वकिलाची फी अर्थातच नाही.

दावा दाखल केला म्हणून संमतीचे दार बंद होत नाही. मध्यस्थीत अटी जुळल्या की तोच दावा १३-ब मध्ये बदलून घेता येतो, आणि अनेकदा अंतरिम पोटगीचा आदेश झाल्यावरच समोरचा बोलायला बसतो. लढून मिळालेल्या हुकूमनाम्यानंतर मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हा लग्न करू नका.