‘ऑल ऑफ अस’: लॅटिनो कुटुंबांच्या बाजूने एक परीक्षण

‘ऑल ऑफ अस’ हा लोकांच्या आरोग्याची आणि जनुकांची माहिती गोळा करणारा अमेरिकी संशोधन प्रकल्प. त्यात संशोधनासाठी भाग घ्यायला चार तारे, कर्करोगाची चाचणी म्हणून दोनच. या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने मे २०१८ मध्ये हा प्रकल्प देशभर खुला केला. अमेरिकेत राहणाऱ्या प्रौढांसाठी तो आहे. नागरिकत्वाची किंवा विम्याची अट नाही. संमतीपत्र आणि प्रश्नावल्या स्पॅनिशमध्येही आहेत. जनुकांचा आजवरचा डेटा बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्याने लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रुग्णांच्या चाचण्यांत ‘अर्थ अनिश्चित’ (जनुकातला बदल घातक की निरुपद्रवी हे ठाऊक नाही) हा शेरा जास्त पडतो. तो कमी व्हायचा तर त्यांचे नमुने हवेतच.

लाळेचा नमुना देताना अर्धा तास आधी खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगगम बंद. नळीवरच्या रेषेपर्यंत लाळ यायला हवी, फेस धरायचा नाही. तोंड कोरडं पडत असेल तर गाल बाहेरून हलके चोळावेत.

रिपोर्ट आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते. आनुवंशिक धोक्याचा रिपोर्ट ५९ जनुकांचा. त्यात बीआरसीए१, बीआरसीए२ (यांत दोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) आणि लिंच सिंड्रोमची, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, जनुकं आहेत. पण ‘काही आढळलं नाही’ म्हणजे क्लीन चिट नव्हे. मेक्सिकन वंशात बीआरसीए१ च्या ९ ते १२ या एक्सॉनचा (जनुकाच्या भागांचा) सलग तुकडाच गायब असलेला दोष पिढ्यानपिढ्या आलेला आहे. अक्षरामागून अक्षर वाचणाऱ्या चाचणीतून तो निसटू शकतो, कारण जनुकाची दुसरी, धड प्रत व्यवस्थित वाचली जाते. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल तर मोठे गहाळ तुकडे शोधणारी क्लिनिकल चाचणी मागून घ्यावी.

प्रश्नावली खरी अडते ती कुटुंबाच्या इतिहासापाशी. छापील स्पॅनिश निर्दोष असली तरी घरात मावशीला ‘मात्रीस’चा कॅन्सर होता एवढंच बोललं जातं. हा शब्द गर्भाशयाचा. पण तो कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता, गर्भाशयाच्या अस्तराचा, की अंडाशयाचा? गर्भाशयमुखाचा बहुधा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. अस्तराचा पन्नाशीच्या आत झाला तर लिंचची शंका येते. वय काय होतं, ऑपरेशनमध्ये काय काढलं, पोटात पाणी झालं होतं का, हे समोर बसून विचारायला प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतली आरोग्यसेविका, हवी. मुलाला दुभाषा करू नये. त्याच्यासमोर आई हे बोलणारच नाही.

जनुकांची माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाईल या भीतीचं उत्तरही आधीच द्यावं, संमतीपत्राच्या विसाव्या पानावर नको. २००८ चा जीना कायदा, म्हणजे जनुकांवरून भेदभाव करायला मनाई करणारा अमेरिकी कायदा, आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण देतो. आयुर्विमा, अपंगत्व आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यात येत नाही. गोपनीयतेच्या प्रमाणपत्रामुळे ओळख पटेल अशी संशोधनातली माहिती कोर्टालाही सक्तीने मागता येत नाही.

दोष निघालाच तर समुपदेशक फोनवर समजावतात. ऑपरेशनचा निर्णय मात्र क्लिनिकल प्रयोगशाळेने खात्री केल्याशिवाय घेऊ नये. त्या रिपोर्टची प्रत, दोषाचं नाव अक्षर न अक्षर जसंच्या तसं ठेवून, मेक्सिकोतल्या भावंडांना पाठवावी. म्हणजे तिथल्या प्रयोगशाळेला नेमकी तेवढीच जागा तपासता येते.