रॉयल एनफील्ड केएक्स : विकत न मिळणाऱ्या गाडीचे परीक्षण

जी गाडी विकत मिळत नाही तिचे परीक्षण लिहिणे एरवी निरर्थकच. रॉयल एनफील्डने नोव्हेंबर 2018 मध्ये मिलानच्या ईआयसीएमए या मोटारसायकलींच्या प्रदर्शनात मांडलेल्या केएक्स कन्सेप्टचा, म्हणजे दाखवण्यापुरत्या घडवलेल्या नमुना-गाडीचा, मात्र अपवाद करावा लागतो. हा केवळ डिझाइनचा प्रयोग आहे, ती बाजारात आणण्याचा बेत नाही, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. तरीही तिची वाट पाहणाऱ्यांनी आशा सोडलेली नाही. ही आशा कितपत रास्त आहे, हे गाडीचे भाग एकेक करून तपासल्यावरच ठरवता येईल.

नाव घेतले आहे ते 1930 च्या दशकातील केएक्सचे. ती 1140 सीसीच्या व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर बसवलेल्या, इंजिनाची, कंपनीच्या मोठ्या आणि महागड्या गाड्यांपैकी एक होती. नव्या केएक्सने तिची नक्कल केलेली नाही, आणि हेच मला तिचे सर्वांत मोठे यश वाटते. जुन्या गाडीच्या नावाखाली गोल दिवा, क्रोमची टाकी आणि तपकिरी सीट एवढाच ऐवज मांडणाऱ्या गाड्या आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. इथे टाकीची लांबट रेघ, जमिनीलगतची ठेवण आणि एकट्या स्वारासाठी अधांतरी वाटणारी सीट एवढ्यावरच जुना काळ सुचवला आहे. बाकी गाडी आजची आहे. हिरव्या-काळ्या रंगाला दिलेली तांब्याची झाक छायाचित्रांतही नजर खिळवून ठेवते.

पुढचे चाक धरणारा गर्डर फोर्क हा रसिकांचा सर्वांत लाडका भाग, आणि गाडी बाजारात आणायची झाल्यास माझ्या मते सर्वांत आधी वगळला जाणाराही तोच. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क रूढ होण्यापूर्वी अशी रचना सर्रास वापरली जाई. तिच्यात चाक सांध्यांवर फिरणाऱ्या दुव्यांच्या आधारे वर-खाली होते. हे सांधे झिजतात, त्यांची निगा राखावी लागते, आणि चाकाला वर-खाली होण्यास मिळणारी जागाही सहसा कमी असते. हौशी मालक हे सारे कौतुकाने सोसेल. पण हजारोंच्या संख्येने गाड्या विकून त्यांची हमी देणाऱ्या कंपनीने ते का सोसावे? मागच्या चाकाला एकाच बाजूने धरणाऱ्या स्विंगआर्मचेही तसेच. तो दिसतो देखणा, पण एकाच बाजूवर सारा भार येत असल्यामुळे तो भक्कम घडवावा लागतो, आणि भक्कमपणाबरोबर वजन व खर्च दोन्ही वाढतात.

खरा प्रश्न नव्या केएक्सच्या 838 सीसीच्या व्ही-ट्विन इंजिनाचा आहे. टाकी, चाके, सीट, आरसे हे सारे बदलून गाडी बाजारात आणता येते. इंजिन मात्र तसे बदलता येत नाही. प्रदूषणाच्या मर्यादा पाळणारे, रोज चालणारे आणि सुटे भाग मिळण्याची खात्री असलेले इंजिन शून्यापासून उभे करायला वर्षे लागतात. त्यात पारंपरिक व्ही-ट्विनचा मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असल्यामुळे त्याला वारा कमी मिळतो, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान सतत बदलत राहिले की धुराड्यातून काय बाहेर पडते यावर ताबा ठेवणे कठीण जाते.

याच कंपनीची एसजी650 कन्सेप्ट 2021 मध्ये त्याच प्रदर्शनात आली, तेव्हा तिची टाकी आणि चाके ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेली होती. ती कारागिरी कारखान्यातून निघालेल्या शॉटगन 650 मध्ये उरली नाही. पण शॉटगन आली, कारण तिच्या पोटातले 648 सीसीचे इंजिन कधीच रस्त्यावर धावत होते. बीएमडब्ल्यूची कन्सेप्ट आर18 मे 2019 मध्ये दिसली आणि 2020 मध्ये विक्रीची गाडी जाहीर झाली. इंजिन नवे, तेही 1802 सीसीचे, म्हणून हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध दिले जाते. वस्तुतः तेच बॉक्सर, म्हणजे दोन बाजूंना आडवे सिलिंडर असलेले, इंजिन डिसेंबर 2018 मध्ये जपानच्या कस्टम वर्क्स झॉन या कार्यशाळेने घडवलेल्या गाडीतून लोकांसमोर आले होते. म्हणजे कन्सेप्टचा पडदा उघडण्याआधीच आतली तयारी चालू होती. केएक्सच्या बाबतीत असा पूर्वरंग दिसला नाही.

म्हणून डिझाइनला मी पैकीच्या पैकी गुण देईन, आणि ती जशी दिसली तशीच बाजारात येण्याच्या शक्यतेला जवळजवळ शून्य. तरी तिच्यावरून घडवलेली एखादी गाडी पुढेमागे आलीच, तर गर्डरऐवजी साधा फोर्क मला चालेल, स्विंगआर्म दोन्ही बाजूंचा असला तरी चालेल, मागे दुसऱ्याची सीट लावली तरी तक्रार नाही. मात्र टाकीखाली शॉटगनचे 648 सीसीचे तेच पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडरांचे, इंजिन बसवून तिला केएक्स म्हणू नये; त्या गाडीला दुसरे कोणतेही नाव द्यावे.