अव्हलिनसोबत काही महिने: 'असॅसिन्स क्रीड लिबरेशन'

हा गेम २०१२ मध्ये आला तेव्हा फक्त पीएस व्हिटावर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर होता. मी खेळतेय ती २०१९ ची रीमास्टर, म्हणजे नव्याने सुधारलेली आवृत्ती. कथा संपवून काही महिने झाले तरी गेम काढून टाकलेला नाही, कारण त्यातली मारेकरी नायिका, अव्हलिन द ग्राँप्रे. या मालिकेतली माझी सगळ्यात आवडती नायिका.

१७६५ नंतरचं न्यू ऑर्लिन्स. वडील श्रीमंत फ्रेंच व्यापारी, आई गुलामगिरीत आणलेली आफ्रिकन बाई. हे शहर ज्यात आहे तो अमेरिकेतला लुइझियाना प्रांत फ्रान्सच्या हातून स्पेनकडे गेलेला, आणि नवा गव्हर्नर उयोआ लोकांना नकोसा. १७६८ मध्ये त्याला शहर सोडावं लागलं हा खरा इतिहास, आणि गेमने त्यात अव्हलिनला नीट गुंफलंय.

पण तिचं बंड मला तलवारीपेक्षा कपड्यांत जास्त दिसलं. शहरात ठिकठिकाणी पोशाख बदलायच्या खोल्या आहेत. उच्चभ्रू बाईच्या झग्यात तिला भिंत चढता येत नाही, धड पळताही येत नाही. मात्र पहारेकरी तिच्या गोड बोलण्याला भुलतात आणि छत्रीतून विषारी सुई सुटते. गुलामाच्या वेशात खोकं उचललं की मळ्यात कुणी मान वर करून बघत नाही, पण जरा काही वावगं केलं की संशय लगेच वाढतो. मारेकऱ्याच्या वेशात ऊस तोडायच्या कोयत्यासकट सगळी हत्यारं हाताशी, पण शिपाई कायम सावध. माणूस तोच, पण कपड्यांवरून समाज त्याला काय समजतो आणि काय करू देतो, हे खेळताना बोटांना कळतं. झग्यातली संथ चाल सुरुवातीला फार चिडवते. ती तशीच असायला हवी, असं आता मला ठाम वाटतं.

म्हणूनच बऱ्याच मोहिमांत गेम स्वतःच पोशाख ठरवून टाकतो, ते खटकतं. एवढी सुंदर कल्पना आणि निवड मात्र आपली नाही! मारामारी फार सोपी आहे. जहाजांचा व्यापार म्हणजे नुसते मेनू. मी तो सोडूनच दिला. कथा मधली वर्षं गाळत पुढे उडते, त्यामुळे गुरू अगाते आणि अव्हलिन यांच्यातला दुरावा पुरता उलगडत नाही.

शहराबाहेरची दलदल मात्र अप्रतिम. होडी, मगरी, झाडांच्या फांद्यांवरून धावणं. चिचेन इट्झा या मेक्सिकोतल्या प्राचीन माया शहराचा भाग लहान असला तरी आईच्या मागावर निघालेली अव्हलिन तिथे खऱ्या अर्थाने उलगडते. आईच्या डायरीची पानं गोळा करा, नुसती गेम पूर्ण केल्याची टक्केवारी भरायला नव्हे, वाचायला.

आणखी एक. आपण खेळतो तो गेम ॲबस्टर्गो या खलनायकी कंपनीने काटछाट करून विकलाय, अशी कथेची चौकट आहे. अधूनमधून 'सिटिझन ई' नावाचं पात्र दिसतं. त्याला गाठून मारलं की दडवलेला भाग उघडतो. एकही सोडू नका, नाहीतर खरा शेवट बघायलाच मिळत नाही.