एमटी पॉवर ड्रमकिट २: सांगली-मिरजेच्या घरगुती स्टुडिओत कितपत चालतं?

लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक एवढ्या सामानावर घरच्या खोलीत गाणी करणारे सांगली-मिरजेत बरेच आहेत. कुणाला गणपतीत मंडळाचं गाणं हवं असतं, कुणाला हळदीचं, कुणाला यूट्यूबसाठी भक्तिगीत. गायक मिळतो, ढोलकीवाला मिळतो, ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड (आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवणारा तर हमखास मिळतो. खऱ्या ड्रमसेटला सगळीकडून माइक लावून ध्वनिमुद्रण करायची सोय मात्र घरात नसते. त्या जागी मांडा ऑडिओ कंपनीचं एमटी पॉवर ड्रमकिट २ हे फुकट प्लगइन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा ड्रमचा प्रोग्राम, आम्ही बिनदिक्कत सुचवतो. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट बसतं. मात्र जुळणी अर्धवट ठेवली तर तेच प्लगइन खेळण्यासारखं वाजतं, आणि दोष प्लगइनच्या माथी येतो.

आधी आवाजाबद्दल. यात एकच किट आहे आणि ते आधीच कॉम्प्रेस करून (आवाजातला चढउतार दाबून), मिक्समध्ये बसेल असं तयार करून दिलेलं आहे. किक टणक, स्नेअर पुढे येणारा. रॉक, पॉप, सिनेमाच्या ढंगाचं जोरकस गाणं असेल तर फारसं काही न करता बसतं. संथ भावगीताला हा आवाज जड पडतो. किटमधला दाबलेला ठोसा पातळी कमी केल्यानेही जात नाही, तो लांबून ऐकू येतो एवढंच. ब्रशने वाजवलेल्या स्नेअरची अपेक्षा इथे ठेवू नये. सुपीरियर ड्रमर ३ या मोठ्या ड्रम-सॉफ्टवेअरमध्ये २३० जीबीहून जास्त ध्वनी आहेत, त्याच्याशी याची तुलना करणं अन्यायाचं होईल. उलट जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवरही हे पटकन उघडतं, आणि हा मोठाच फायदा आहे.

बसवताना चूक होते ती फाइलींच्या जागेत. झिप उघडल्यावर एक प्लगइनची फाइल असते आणि दुसरी आवाजांची, तिच्या नावाच्या शेवटी पीडीके असतं. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. बरेच जण फक्त प्लगइनची फाइल उचलून व्हीएसटीच्या (या प्रकारच्या प्लगइनच्या) फोल्डरमध्ये टाकतात. मग खिडकी उघडते पण ड्रम मुके राहतात. नंतर रीपरमध्ये कंट्रोल-पी दाबून प्रेफरन्सेस, त्यात प्लगइन्स, त्यात व्हीएसटी, आणि तिथे तो फोल्डर यादीत आहे का ते बघून री-स्कॅन. प्लगइन तरीही दिसत नसेल तर कॅशे पुसून पुन्हा स्कॅन करायचा पर्याय तिथेच आहे.

ट्रॅक मेनूतल्या 'इन्सर्ट व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट ऑन न्यू ट्रॅक' मधून प्लगइन घ्या. पहिल्यांदा देणगीची विनंती करणारी पाटी येईल. तिच्यावरचं 'स्किप' दाबेपर्यंत किट लोड होत नाही, आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडला की पाटी पुन्हा येते. "काल वाजत होतं, आज गप्प आहे" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच पाटी असते. स्किप झाल्यावर खिडकीतल्या ड्रमवर माउसने टिचकी मारली की आवाज आला पाहिजे. इथे आवाज येतो आणि पॅडवरून येत नाही, म्हणजे अडचण मिडीच्या (कोणता ठोका किती जोरात पडला हे कळवणाऱ्या संकेतांच्या) वाटेवर आहे, प्लगइनमध्ये नाही.

आता ऑक्टापॅड. आपल्याकडच्या वादकाच्या हाताला माउसपेक्षा पॅडची सवय, त्यामुळे या भागावर वेळ घालवणं सार्थकी लागतं. रोलंड एसपीडी-३० ला यूएसबी आहे, ती थेट लॅपटॉपला लागते. जुन्या एसपीडी-२० ला पाच पिनांचा मिडी आउट आहे, त्याला यूएसबी-मिडी केबल लागते. स्वस्त केबलींवर 'इन' आणि 'आउट' ही अक्षरं कधी उलट्या अर्थाने छापलेली असतात; पॅड मारल्यावर केबलवरचा दिवा लुकलुकला नाही तर दुसरं टोक लावून बघा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी डिव्हाइसेस उघडून ते उपकरण इनपुटसाठी चालू करावं लागतं. मग ट्रॅकचं रेकॉर्डचं लाल बटण दाबायचं, इनपुटमध्ये मिडी, ऑल इनपुट्स, ऑल चॅनेल्स निवडायचं आणि मॉनिटरिंग चालू ठेवायचं.

यानंतरची अडचण नोट क्रमांकांची. जनरल मिडीच्या ठरलेल्या मांडणीत किक ३६, साइड स्टिक ३७, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडी हायहॅट ४६, क्रॅश ४९, राइड ५१. ऑक्टापॅडचा पॅच (पॅडच्या जुळणीचा साठवलेला संच) बदलला की पॅडचे क्रमांकही बदलू शकतात, म्हणून किक मारली की काउबेल किंवा काहीच नाही असं होतं. प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये मांडणी बदलता येते, पण आमचं मत असं की ऑक्टापॅडवरच एक रिकामा पॅच घेऊन त्यात आठही पॅडना हे क्रमांक कायमचे देऊन टाकावेत. उद्या दुसरं प्लगइन घेतलं तरी तो पॅच उपयोगी पडतो. क्रमांकच लिहून ठेवा, स्वरांची नावं नकोत: ३६ ला क्यूबेस सी१ म्हणतं, रीपर सी२ आणि एफएल स्टुडिओ सी३. इंटरनेटवर 'किक सी१ वर आहे' असं वाचून रीपरमध्ये सी१ वर नोट ठेवली तर ती एक सप्तक खाली पडते.

पॅड मारल्यावर आवाज उशिरा येणं हे बफरचं, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या तुकड्याचं काम. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सँपलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलीसेकंद, ५१२ म्हणजे १०.७, आणि १०२४ म्हणजे २१.३. ड्रायव्हर आणि मिडीचा वेळ यावर आणखी चढतो. वाजवताना १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ ठेवा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एसिओ (कमी उशिराने आवाज देणारा) ड्रायव्हर लावल्याशिवाय १२८ वर टिकणं कठीण. एक गोष्ट हमखास विसरली जाते: ऑक्टापॅडचा स्वतःचा आवाज बंद करायचा. तो स्पीकरवर चालू राहिला तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो आणि वादक नकळत मागे पडतो. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की विंडोज प्रोसेसरचा वेग उतरवतं, आवाज चरचरायला लागतो. पॉवर प्लॅन आधीच 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवावा, नाहीतर तेवढ्यापुरता बफर वाढवावा.

किक, स्नेअर, हॅट वेगळ्या ट्रॅकवर हवे असतील तर प्लगइनच्या मिक्सरमध्ये त्यांना वेगवेगळी आउटपुटं द्या आणि रीपरच्या एफएक्स खिडकीतून 'बिल्ड मल्टीचॅनेल राउटिंग' चालवा. ट्रॅक आपोआप तयार होतात. हेच हाताने करायला गेलात तर आउटपुटांची पहिली जोडी मूळ ट्रॅकमधूनही मास्टरला जाते आणि नव्या ट्रॅकमधूनही. सारखाच आवाज दुप्पट झाला की पातळी ६ डेसिबलने चढते आणि किक विनाकारण अंगावर येते.

सोबत आलेले तयार ग्रूव्ह (तालाचे नमुने) ओढून ट्रॅकवर टाकता येतात, वापरायला सोपे आहेत, पण त्यांचा घाट रॉक-पॉपचा. दादरा किंवा केरवा त्यात शोधत बसू नये, स्वतः लिहावा. केरव्याच्या आठ मात्रांत डग्ग्याची घुमक पहिल्या मात्रेच्या 'धा'वर, दुसऱ्या मात्रेच्या 'गे'वर आणि सातव्या मात्रेच्या 'धि'वर असते. किक तिथेच ठेवली की ढोलकीशी जुळते. पूर्ण ताकदीचा स्नेअर मात्र ढोलकीच्या 'ना'वर चढून बसतो, तिथे ३७ ची साइड स्टिक जास्त शोभते. किक आणि डग्गा दोघांनाही खालचा पट्टा दिला तर गाणं गढूळ होतं. एकाला तळ द्या, दुसऱ्याला हाय-पास (खालचा पट्टा कापणारा फिल्टर) लावा. ढोलकी गाण्याचा प्राण असेल तर तळ तिचा.

वेलॉसिटीकडे, म्हणजे ठोक्याच्या जोराच्या मिडी आकड्याकडे, दुर्लक्ष केलं की सगळं यांत्रिक वाटतं. हायहॅट एक आड एक ९५ आणि ७० च्या आसपास, स्नेअरचे हलके मधले ठोके २५ ते ४०, आणि १२७ फक्त खऱ्या जोराच्या जागी. क्वांटाइझ (ठोके तालाच्या नेमक्या जागी सरकवणं) पूर्ण शंभर टक्के करू नका. ८० च्या आसपास ठेवल्यास हाताची चाल राहते.

हलगी, ताशा, संबळ यात नाहीत, आणि पाश्चात्त्य ड्रमकिटकडून ते मागणंही बरोबर नाही. त्यासाठी रीपरमध्येच असलेलं रीसॅम्प्लोमॅटिक ५००० वापरा. हलगीचे वेगवेगळ्या जोराचे ठोके मुद्रित करून प्रत्येकासाठी एक प्लगइन घ्या, 'नोट स्टार्ट' आणि 'नोट एंड' दोन्ही एकाच क्रमांकावर ठेवा. तो क्रमांक ड्रमकिटमध्ये रिकामा असलेला निवडा आणि ऑक्टापॅडच्या एका पॅडला द्या.

खर्च सांगायचा तर प्लगइन फुकट, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि लहान व्यावसायिकासाठी परवाना ६० डॉलरचा. गाणं दुसऱ्या स्टुडिओत मिक्सला पाठवायचं असेल तर ड्रमचा ट्रॅक आधी फ्रीझ करा (म्हणजे तो ऑडिओ फाइलीत बदलतो), आणि आउटपुटं वेगळी केली असतील तर 'फ्रीझ टू मल्टीचॅनेल' निवडा. त्यानंतर प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या ऑडिओ फाइलीही सोबत पाठवा. मग समोरच्याकडे हे प्लगइन नसलं तरी ड्रम वाजतात आणि स्किपच्या पाटीवर अडून रेंडर मुका निघत नाही.