स्वयंपाकघरातली चिमणी, ११ महिन्यांनंतर: जाळी स्वच्छ, पण पाइपाचं काय?

गेल्या गणेश चवथीच्या आधी फोंड्याच्या घरात चिमणी बसवली. ९० सेंटिमीटर रुंद, धुरातलं तेल अडवणाऱ्या स्टीलच्या बॅफल जाळ्या, ऑटो क्लीनचं बटण. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस तरी खोबरेल तेलात बांगडे नाहीतर लेपो तळले जातात, म्हणजे तिला कामाची कमतरता नव्हती. धूर खेचण्यात ती आजही चोख आहे. फोडणीच्या ठसक्याने सासूबाईंना खोकल्याची उबळ यायची, ती थांबली. एवढ्यासाठीच मला ती प्रिय आहे.

दर पंधरा दिवसांनी जाळ्या कढत पाण्यात खायचा सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड घालून अर्धा तास भिजवायच्या, ब्रशने घासायच्या आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायच्या. तेलाची वाटी आठवड्याला रिकामी करायची. हे मी कधी चुकवलं नाही, आणि म्हणूनच निर्धास्त होते.

जूनमध्ये पावसाने जोर धरला आणि शेगडीवर तपकिरी थेंब पडायला लागले. वाटी भरली असेल म्हणून बघितली, तर अर्धीसुद्धा नव्हती. मग यजमानांनी प्लग काढला, स्टुलावर चढून वरचा पाइप सोडवला. आत मोबाइलचा टॉर्च मारला आणि माझ्या पोटात गोळा आला. बसवणाऱ्याने जास्तीचा लवचीक पाइप न कापता कपाटावर तसाच दुमडून ठेवला होता. मधे त्याला झोळ आला होता आणि त्या झोळात बोटभर चिकट तेल साचलं होतं. बाहेरचं तोंड पश्चिमेला, वर झाकण नाही. पावसाचा सपकारा थेट आत येत होता आणि पाणी ते तेल घेऊन खाली उतरत होतं.

ऑटो क्लीन मोटरीच्या आसपासचं तेल तापवून वाटीत उतरवतं, पाइपापर्यंत ते पोचतच नाही. कढईने कधी पेट घेतला, तर चालू चिमणी ती ज्वाळा वर ओढणार आणि तिथे जळायला तेल तयारच. आमच्या पाइपाला लागून लाकडी कपाट आहे. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता १५० मिलिमीटरचा ताठ पाइप आहे, भिंतीपर्यंत एकच वळण, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. चिऱ्याच्या भिंतीबाहेर खाली तोंड असलेलं झाकण आणि पाखरं शिरू नयेत म्हणून जाळी. त्या जाळीवरही तेलकट धूळ धरते, तीसुद्धा पुसावी लागते. ओढ कमी झाली का, हे बघायला मी वर्तमानपत्राचा चतकोर कागद चालू चिमणीच्या आतल्या बॅफल जाळीला लावते. धरून राहिला तर ठीक, गळला तर पाइप उघडायचा. खिडकी मात्र थोडी उघडी हवी. बाहेरची हवा आत आली नाही, तर चिमणीही खेचू शकत नाही. घरात गॅसचा गिझर असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण बंद घरात त्याचा विषारी धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो.

आणखी एक, कळकळीने सांगते. गॅसचा वास आला की चिमणी लावायची, असं आमच्या वाड्यावर बऱ्याच जणी करतात. कृपा करून करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, आणि बटण दाबताना उडालेली ठिणगी पुरेशी असते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका. तेल पेटलं तर पाणी अजिबात नको. गॅस आणि चिमणी बंद करून कढईवर झाकण सरकवा.

चिमणीला पाचपैकी चार. एक गुण कापला तो पाइपाच्या जोडणीसाठी. नवीन चिमणी घेणाऱ्यांनी ती बसवणारा माणूस घरी असतानाच स्टुलावर चढून वरचा पाइप स्वतः बघावा. आमचा पाइप नेवऱ्यांची (करंज्यांची) कढई चढायच्या आधी पुन्हा उघडायचा ठरलाय, चवथीच्या आठ दिवस आधीच्या रविवारी.