कॅनडात ‘आईवडिलांचा पीआर’: ६,८५,००० रुपये गेले, पीआरची फाइल लागलीच नव्हती

नोंदणीचे ५१,०००. फाइलचे २,४०,०००. ‘पालक कोट्यातली जागा पक्की’ करायचे ३,१०,०००. इन्शुरन्सचे ८४,०००. एकूण ६,८५,००० रुपये. एवढं घेऊन, पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटने आम्हा नवरा-बायकोच्या नावाने टाकला तो साधा व्हिजिटर व्हिसाचा अर्ज! त्याची सरकारी फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, आणि बायोमेट्रिकचे कुटुंबाला मिळून १७०. म्हणजे दोघांचे ३७० डॉलर. बाकी सगळं त्याच्या घशात.

साठीनंतर मुलाजवळ जाऊन राहायचं ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी. आईवडिलांच्या पीआरची सुरुवात आईवडील करूच शकत नाहीत. स्पॉन्सर असतो मुलगा किंवा मुलगी, तिकडची पीआर किंवा नागरिक. सही त्यांची, तीन कर-वर्षांचं उत्पन्न त्यांचं, आणि तुमचा खर्च उचलण्याची २० वर्षांची हमीही त्यांचीच (क्यूबेकमध्ये १०). शिवाय त्यांना सरकारकडून निमंत्रण आलेलं असावं लागतं. त्यासाठीचा इच्छा-फॉर्म १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२० या काळात खुला होता, आणि त्यानंतरची निमंत्रणं त्याच यादीतून निघत आली. २०२५ साली गेलेली १७,८६० निमंत्रणंसुद्धा. तेव्हा मुलाने २०२० मध्ये तो फॉर्म भरलेला नसेल आणि कुणी ‘नवीन कोटा उघडलाय, काका, लगेच पैसे भरा’ म्हणालं, तर पुढचं वाक्य ऐकूच नका.

लक्षात यायची जागा हीच होती. एजंटने आमच्या पेन्शनचे कागद मागितले, मुदतठेवी मागितल्या, लग्नाचा दाखलासुद्धा मागितला. मुलाचं कर-निर्धारण पत्र, ज्याला तिकडे एनओए म्हणतात, ते एकदाही मागितलं नाही. विचारलं तर म्हणाला, ‘मुलाला आत्ता मध्ये आणू नका, त्याच्या टॅक्सची चौकशी निघेल.’ आईबापाला गप्प करायला याहून नेमकं वाक्य नाही. आपल्यामुळे मुलाला त्रास नको, म्हणून आम्ही गप्प बसलो. यात आमचा भोळेपणा बघणाऱ्यांनी हेही बघावं की दाखवलेले फॉर्म खरे होते, बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट खरी होती, बोटांचे ठसे खरोखरच घेतले गेले. खऱ्या सरकारी प्रक्रियेत खोटं मिसळलं की भलेभले फसतात.

दुसरी खूण कागदावरच छापलेली होती. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक ‘व्ही’ने सुरू होत होता. व्ही म्हणजे तात्पुरता व्हिसा. कुटुंब वर्गातल्या पीआरचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. पोचपावती हातात आली की पहिलं अक्षर बघा.

तिसरी खूण इन्शुरन्सची. पीआरसाठी खासगी मेडिकल इन्शुरन्स लागतच नाही. तो लागतो सुपर व्हिसाला, म्हणजे आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाला: किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचं कव्हर, प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्ष, आणि पैसे भरल्याचा पुरावा. ८४,००० रुपयांत आमच्या हातात पडलं ते नुसतं कोटेशन. कागदाच्या डोक्यावरच तसं छापलं होतं. कोटेशन कुठल्याच अर्जात चालत नाही.

व्हिसा नाकारला गेला, तरी एजंट ‘फाइल प्रोसेसमध्ये आहे’ असंच सांगत राहिला. नकाराचं पत्र आमच्यापर्यंत आलं नाही, कारण अर्जातला ईमेल आणि ऑनलाइन खात्याचा पासवर्ड दोन्ही त्याचेच. पासवर्ड कधीच दुसऱ्याच्या हातात ठेवू नका. मुलाने तिथून माहिती-अधिकारात ५ डॉलर भरून फाइलची प्रत मागवली तेव्हा सगळं उघडं पडलं. नकाराचं कारण कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतलं कलम १७९(ब): मुदत संपल्यावर हे लोक परत जातील याची खात्री नाही. व्हिजिटर व्हिसाच्या अर्जाला त्याने ‘मुलाकडे कायमचं राहायचं आहे’ असं पत्र जोडलं होतं, मग दुसरं काय होणार! त्याच फाइलमध्ये आमच्या नावावर १८,००,००० रुपयांची मुदतठेव दाखवलेली आहे. ती आमची नाहीच. प्रतिनिधी नेमल्याचा ५४७६ क्रमांकाचा फॉर्म कोरा, म्हणजे सरकारदरबारी हा अर्ज आम्हीच भरला आणि त्यातलं खोटंही आमचंच. अशी खोटी माहिती सिद्ध झाली तर तिकडच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. एजंटवर बंदी नाही, म्हाताऱ्यांवर!

एजंटचा परवाना तपासताना नुसता ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघून समाधान मानू नका. त्याने दाखवलेला क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच कन्सल्टंटचा. इमिग्रेशन कन्सल्टंटना परवाना देणाऱ्या कॅनडातल्या नियामक संस्थेच्या (तिला ‘कॉलेज’ म्हणतात) सार्वजनिक यादीत नाव काढा आणि तिथे दिलेल्या फोनवर बोला, व्हिजिटिंग कार्डावरच्या नाही. पैसे कंपनीच्या खात्यात मागतो की कुणाच्या तरी बचत खात्यात यूपीआयने, तेही बघा. जीएसटीचं बिल मागा.

आणि तक्रार? पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘करारनामा आहे, दिवाणी मामला आहे.’ सायबरवाले म्हणाले, समोरासमोर बसून पैसे दिलेत, मग हा ऑनलाइन गुन्हा कसा? १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटांपुरता, मुलाकडे जाणारे आईवडील त्यात बसत नाहीत. कॅनडातलं कॉलेज शिस्तभंगाची कारवाई करतं ती परवानाधारकांवर, आणि आमच्या एजंटाकडे परवानाच नाही. जो जास्त बेकायदेशीर, तो जास्त सुरक्षित! ज्येष्ठ नागरिकाला एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवायचं आणि तो दमून घरी बसायची वाट बघायची, एवढंच काम या कार्यालयांनी चोख केलं.

खोटी आश्वासनं देऊन पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालची फसवणूक आहे, करारनामा असला तरी. ठाण्यात नोंद करत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, तोही पोस्टाने, पावती जपून. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आणि स्वस्त: पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ‘अजून थोडे दिवस थांबा, पैसे परत देतो’ हे एजंटचं पालुपद त्या दोन वर्षांसाठीच असतं.

यापुढे कॅनडाचा कुठलाही अर्ज भराल त्यात आधीच्या नकाराचा प्रश्न असतो. तिथे ‘हो’च लिहा, आणि एजंटने काय जोडलं होतं ते तक्रारीच्या पोचपावतीसह कळवा. खोटी ठेव आपली नव्हती हे दाखवायला आमच्याकडे आज ती पोचपावती सोडून दुसरा कागद नाही.